विद्यार्थ्याची प्रार्थना, शिक्षकाचा अधिकार

न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षणमंडळाने रचलेली २२ शब्दांची प्रार्थना सरकारी शाळांतून म्हणविणे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली घटनाबाह्य ठरविले, तेव्हा ईश्वरालाच शाळेबाहेर काढल्याचा आक्रोश झाला. वस्तुतः मधल्या सुट्टीत बायबल वाचणाऱ्या ख्रिस्ती मुलाचा हक्क त्या निकालाने तसूभरही हिरावला नव्हता, आणि तो कोणी हिरावू पाहील तर मी त्या मुलाच्याच बाजूस उभा राहीन. परंतु २०२२ साली ब्रेमर्टन या अमेरिकी शहरातील सरकारी शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाला सामन्यानंतर मैदानावरच प्रार्थना करण्याची मुभा त्याच न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी दिली, ती मला मान्य नाही. कारण मुलांना खेळविण्याच्या बाबतीत ज्याच्या शब्दाला वजन, त्याची प्रार्थना खाजगी उरत नाही, आणि संघापासून वेगळे पडू नये एवढ्याचसाठी आपले मुलगे तीत सामील झाल्याचे तेथील काही पालकांनी कळविलेही होते.