युद्धाची पहिली रात्र आणि आपले शरीर

शुक्रवारी, १३ जून २०२५ ला पहाटे इस्रायलने इराणवर हल्ला केला आणि त्या दिवसापासून आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक प्रश्न पुन्हा ऐकू येऊ लागला : "मॅडम, नेमकं खरं काय आहे?" कोणाचा भाऊ दुबईत गाडी चालवतो, कोणाचा मेहुणा कतारमध्ये वेल्डर आहे. टीव्ही एक सांगतो, मोबाइल दुसरेच सांगतो. या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरकडे नसते. पण त्याच्यासोबत येणाऱ्या तक्रारी मात्र आमच्याच खात्यातल्या असतात. छातीत धडधड, उडालेली झोप, चढलेला रक्तदाब, पोटात खड्डा पडल्यासारखे वाटणे. महिन्याभरापूर्वी, मे महिन्यात, याच तक्रारींची रांग लागली होती. त्या रांगेने मला जे शिकवले ते आज सांगावेसे वाटते.

सणसवाडी हे पुणे-नगर रस्त्यावरचे गाव. कारखाने, तीन पाळ्या, भाड्याच्या खोल्या. मराठवाड्यातला, बिहारमधला, राजस्थानातला कामगार इथे शेजारी शेजारी राहतो आणि आसपासच्या गावांतली पोरे सैन्यात आहेत. २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ जण मारले गेले, त्यांत महाराष्ट्रातले सहा होते आणि त्या सहांपैकी दोघे पुण्याचे. त्यामुळे ७ मेच्या पहाटे 'ऑपरेशन सिंदूर'ची बातमी आली तेव्हा सीमा दीड-दोन हजार किलोमीटरवर आहे असे इथे कोणालाच वाटत नव्हते.

तो 'धसका' नव्हता

९ मेच्या पहाटे साडेपाचला साठीच्या एका मावशींना त्यांच्या पुतण्याने रुग्णालयात आणले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) अंग घामाने भिजलेले, हात थरथरत होते, बोलणे तुटक. मुलगा सैन्यात, राजौरीकडे. "रात्रभर टीव्हीपुढं बसल्यात. पोराच्या काळजीनं धसका घेतलाय, झोपेचं इंजेक्शन द्या," पुतण्या म्हणाला. सिस्टरने सवयीने बोटातून रक्त घेतले. साखर ३८!

मावशींना मधुमेह आहे. रात्री आठला त्यांनी जेवणाआधीची गोळी घेतली. तेवढ्यात जम्मूवर ड्रोन आल्याची बातमी सुरू झाली. ताट वाढलेले तसेच राहिले. पुढे राजौरीत सैन्याच्या ब्रिगेडवर आत्मघाती हल्ला झाल्याची बातमी फिरू लागली, तेव्हा तर ताटाकडे बघायचे भानच राहिले नाही. गोळी पोटात, अन्न नाही, रात्रभर जागरण. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर दहा मिनिटांत त्यांनी डोळे नीट उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "बाई, पोराचं काही कळलं का वो?"

राजौरीतल्या त्या आत्मघाती हल्ल्याची बातमी खोटी होती. पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य-पडताळणी विभागाने तसे स्पष्टही केले. पण ते खंडन मावशींपर्यंत पोहोचले नव्हते. पुतण्याने सांगितल्याप्रमाणे मी झोपेचे इंजेक्शन दिले असते तर काय झाले असते, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

आणि खरे सांगायचे तर मीही त्या रात्री अडीचपर्यंत क्वार्टरमध्ये टीव्ही पाहत बसले होते. पहाटे मावशी आल्या तेव्हा माझेही डोके बधिर होते. साखर तपासायचे सिस्टरला सुचले, मला नाही.

एका रात्रीत किती बातम्या

८ मेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगितले, काहींनी इस्लामाबाद ताब्यात आल्याचे, काहींनी पाकिस्तानी लष्करप्रमुखांना अटक झाल्याचे. यातले काहीच घडले नव्हते. मोबाइलवर तर व्हिडिओ गेममधली दृश्ये खरी लढाई म्हणून फिरत होती. गुजरातच्या हजिरा बंदरावर हल्ला झाल्याचे म्हणून फिरलेली चित्रफीत २०२१ मधल्या एका तेलवाहू जहाजाच्या स्फोटाची होती. एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार, या संदेशाचेही खंडन करावे लागले. सीमेपलीकडच्या माध्यमांतही दाव्यांचा असाच पूर होता.

मात्र परस्परविरोधी बातमी दर वेळी खोटीच असते असे नाही. १० मेची संध्याकाळ आठवा. दुपारी ३.३५ ला पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांचा फोन आला, पाच वाजल्यापासून गोळीबार थांबवायचे ठरले, सहाच्या सुमारास परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी ते जाहीर केले. रात्री श्रीनगरमध्ये स्फोटांचे आवाज आले आणि अकराच्या सुमारास मिस्री यांनीच शस्त्रसंधीचा भंग होत असल्याचे सांगितले. पाच-सहा तासांतली ही दोन उलट विधाने, आणि दोन्ही आपापल्या वेळी खरी. काही उत्तरे तर त्या रात्री मिळणारच नव्हती. आपली विमाने पडली का, हा ७ मेचा प्रश्न. सुरुवातीच्या टप्प्यात काही विमाने गमावली, हे संरक्षण दल प्रमुख जनरल अनिल चौहान यांनी सिंगापूरमध्ये सांगितले ते ३१ मे रोजी, तेही संख्या न सांगता. म्हणजे तीन आठवड्यांहून अधिक काळाने.

आमच्या अपघात विभागात रुग्ण आला की केसपेपरवर आम्ही निदानाआधी प्रश्नचिन्ह टाकतो. तपासण्या होईपर्यंत ते तसेच राहते. युद्धाच्या पहिल्या तासांतली प्रत्येक बातमी अशीच प्रश्नचिन्हासकट वाचायची असते. अडचण ही, की आपल्या शरीराला प्रश्नचिन्ह वाचता येत नाही.

शरीराला खंडन कळत नाही

धोक्याची बातमी कानावर पडताच मेंदूतली भीतीची यंत्रणा जागी होते. ॲड्रेनॅलिन वाढते, ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, यकृत साखर रक्तात सोडते. पाठोपाठ कॉर्टिसॉल येते, ते तासन् तास रेंगाळते. 'बातमी चुकीची होती' हे कळल्यावर बुद्धीचे समाधान होते. पण तोवर शरीराने आपले काम केलेले असते. पंधरा मिनिटांनी दुसरी बातमी, पुन्हा तेच. अशा दहा फेऱ्या एका रात्रीत झाल्या तर हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या माणसाला त्या झेपत नाहीत.

यात सर्वांत त्रासदायक काय असते? वाईट बातमी नव्हे, अनिश्चितता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये ४५ स्वयंसेवकांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. संगणकाच्या पडद्यावर दगड दिसायचे, एखाद्या दगडाखाली साप निघाला तर हाताला विजेचा वेदनादायक झटका बसायचा. झटका नक्की बसणार हे माहीत असताना लोक तुलनेने शांत होते. बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असताना घाम आणि ताण सर्वाधिक होता. 'पोरगं सुखरूप' आणि 'ब्रिगेडवर हल्ला' या दोन बातम्या आलटून पालटून ऐकणारी आई नेमकी याच निम्म्या-निम्म्यावर उभी असते.

बातम्या किती वेळ पाहिल्या यालाही महत्त्व आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉनच्या वेळी बॉम्बस्फोट झाले. नंतरच्या आठवड्यात ज्यांनी रोज सहा किंवा अधिक तास त्याच्या बातम्या पाहिल्या, त्यांच्यात तीव्र ताणाची लक्षणे प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही अधिक आढळली. अशा अभ्यासांतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. मुळात घाबरलेला माणूसच अधिक बातम्या पाहतो हेही खरे. तरीही आमच्या रांगेतला अनुभव याहून वेगळा नाही.

युद्धाच्या पहिल्या रात्रीचे एक जुने उदाहरण इस्रायलचेच आहे. कोकणातून गेलेली, घरात मराठी बोलणारी बेने इस्रायली कुटुंबेही तिथे राहतात. १८ जानेवारी १९९१ ला इराकची क्षेपणास्त्रे तिथे पडली. रासायनिक अस्त्र वापरल्याच्या बातम्या लगोलग पसरल्या. त्या खोट्या होत्या. पण त्या युद्धात दोनशेहून अधिक लोकांनी विषारी वायूवरचा उतारा म्हणून दिलेले ॲट्रोपिनचे इंजेक्शन विनाकारण टोचून घेतले आणि त्यामुळे रुग्णालयात आले. पहिल्या दिवशी त्या देशात एकूण मृत्यूंची संख्या नेहमीपेक्षा ठळकपणे वाढली, मुख्यतः हृदयविकाराने. नंतरच्या हल्ल्यांच्या दिवशी तशी वाढ दिसली नाही. क्षेपणास्त्रे तीच होती, मात्र लोकांना आता काय होते आणि काय करायचे हे कळले होते. अनिश्चितता कमी झाली होती.

मग बातम्या पाहायच्याच नाहीत?

पाहायच्या. नागरिक म्हणून तो हक्क आहे आणि सीमेवरच्या जिल्ह्यांत तर ती गरज आहे. सणसवाडीत रात्रपाळी करणारा, बाडमेरकडचा एक तरुण त्याच आठवड्यात डोकेदुखीसाठी आला होता. गावात खरोखरच दिवे बंद ठेवावे लागत होते. त्याला मी विचारले, सर्वांत खरी बातमी कुठे मिळते? तो म्हणाला, "आईकडे. ती म्हणते अंधार आहे, पण पोळ्या झाल्यात." त्याने संध्याकाळी सातचा एक फोन ठरवला आणि टीव्हीवाल्या खोलीत जाणे बंद केले. तिसऱ्या दिवशी डोकेदुखी थांबली.

धोक्याची खरी सूचना ओळखता यावी यासाठीही संयम लागतो. मे महिन्यात वाहिन्या कार्यक्रमात सतत हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवत होत्या. लोकजागृतीखेरीज तो वापरू नका, असे नागरी संरक्षण खात्याला १० मे रोजी सांगावे लागले. रोज खोटा भोंगा ऐकला की खऱ्या भोंग्याला कान बधिर होतात. आमच्या अतिदक्षता विभागातल्या यंत्रांच्या सततच्या आवाजाचे तसेच होते.

तेव्हा काही गोष्टी पाळा.

आधी ताट, मग टीव्ही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतले असेल तर जेवण टाळायचे नाही. रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही.

घाम, थरथर, असंबद्ध बोलणे यांना 'धसका' समजू नका. मधुमेही व्यक्ती शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर सकाळची वाट पाहू नका.

बातम्यांची वेळ ठरवा. सकाळी आणि संध्याकाळी, वीस-पंचवीस मिनिटे. अधिकृत पत्रकार परिषद ऐका आणि दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र वाचा. मधल्या बारा तासांत बऱ्याच बातम्या आपोआप गळून पडतात. रात्री नऊनंतर बंद.

'सूत्रांनुसार' हा शब्द दिसला की मनातल्या मनात प्रश्नचिन्ह टाका. पुढे पाठवायचे असेल तर उद्या पाठवा. १ जानेवारी २०१८ च्या दंगलीची झळ सोसलेल्या सणसवाडी-कोरेगाव भीमा परिसराला अफवेची किंमत वेगळी सांगायला नको.

घरातले कोणी सीमेवर किंवा परदेशी असेल तर फोनवर कोणी बोलायचे हे ठरवा. त्याने इतरांना सांगावे. जवानाचा फोन बंद असणे ही वाईट बातमी नव्हे, बहुतेक वेळा तो नियम असतो. लहान मुलांसमोर स्फोटांची दृश्ये पुन्हा पुन्हा लावू नका. त्यांना प्रत्येक वेळी नवा स्फोट झाल्यासारखे वाटते.

दोन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, दचकून जाग येत असेल, कामात मन लागत नसेल तर १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकावर बोला. ही सरकारची मोफत सेवा आहे आणि मराठीतही मिळते.

मावशींना दोन दिवस ठेवून घेतले होते. ११ मेच्या दुपारी मुलाचा फोन आला, तो वॉर्डातल्या सगळ्यांनी ऐकला. गेल्या सोमवारी त्या तपासणीला आल्या, साखर आटोक्यात. इराणचे विचारले नाही. "बाई, टीव्हीला आता कुलूपच लावलंय," त्या हसून म्हणाल्या. "पोरगं म्हणतं, तू जेवलीस का तेवढं सांग, मग मी माझं सांगतो."