मोबाइल आहे की हातात!

किकवीत हायवेलगतच्या टपरीवर हे वाक्य हमखास कानावर पडतं. एखाद्या पोरानं बारावीनंतर मास कॉमला नाहीतर व्हिडिओ प्रॉडक्शनच्या कोर्सला जायचं काढलं, की बापाच्या आधी शेजारीच बोलतो, "त्यात काय शिकायचंय? मोबाइल आहे की हातात!"

या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. बारामती तालुक्यातल्या कांबळेश्वरच्या मंडळींनी 'चांडाळ चौकडीच्या करामती' यूट्यूबवर उभी केली. गावोगाव लोक ती आवडीनं बघतात आणि बघताना कुणी त्यांची पदवी विचारत नाही. त्याहून मोठा दाखला हवा तर 'प्रभात' फिल्म कंपनीचा घ्या. दामले, फत्तेलाल, शांताराम कुठल्या कॉलेजात सिनेमा शिकले होते? पण हा दाखला देणाऱ्यावरच उलटतो. ही सगळी माणसं कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत राबून तयार झाली आणि मग १९२९ साली त्यांनी 'प्रभात' काढली. पेंटरांचा हात बघणं, चुकलं की बोलणी खाणं, हेच त्यांचं कॉलेज. पुढं 'प्रभात' पुण्यात आली, आणि १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली तीही त्याच स्टुडिओच्या जागेत. गुरूच्या हाताखालची ती तालीम आता गावात मिळत नाही, म्हणून कॉलेज लागतं.

माझीच फजिती सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी आत्याच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर घेतल्या. जातं माळ्यावरून उतरवलं, उजेड बघितला, फोन स्टँडवर लावून चार हात लांब ठेवला. चित्र झकास आलं. आवाज ऐकला आणि डोक्याला हात लावला. तिसऱ्या ओवीवर ट्रकचा हॉर्न, पाचवीवर कुकरची शिट्टी, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत छताच्या पंख्याची घरघर. खरी गंमत म्हणजे पंखा चालू आहे हे त्या वेळी मला ऐकूच आलं नव्हतं. रोजचे आवाज आपला कान गाळून टाकतो, माइक गाळत नाही. वर्षभर शिकलेल्या पोरानं आधी पंखा बंद केला असता, हायवेकडच्या खिडकीवर गोधडी टांगली असती, आत्याच्या पदराला माइक लावला असता आणि स्वतः हेडफोन घालून बसला असता. आत्याला आता दम लागतो. त्या ओव्या पुन्हा घेता येणार नाहीत.

"हे यूट्यूबवर मिळतं की," म्हणाल. मिळतं, पण काय शोधायचं ते ज्याला ठाऊक आहे त्याला. पंखा ऐकू न येणारा माणूस 'पंख्याचा आवाज कसा टाळावा' हे शोधणार कसा? वर्गात आपली फिल्म लावली की वीस जणांतला एक तरी म्हणतो, "पंखा येतोय रे."

काय विचारायचं हेही वर्गातच कळतं. आमच्या भाटघर धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की वेळवंडचं कांबरेश्वराचं मंदिर उघडं पडतं. दरवर्षी त्याच्या रील येतात. ड्रोन, ढोल-ताशा आणि वर पिवळ्या अक्षरांत 'रहस्यमय मंदिर'. यात कसलं आलंय रहस्य! धरण १९२८ च्या सुमारास पुरं झालं, खोऱ्यात पाणी भरलं, मंदिर बुडालं. विचारायचं ते वेगळंच आहे. त्या काठची माणसं वर कशी सरकली? थोरल्यांनी पोरांना काय सांगितलं? रील काढणाऱ्याला "हे तुला कोणी सांगितलं?" असं विचारणारं कुणी नसतं. चांगल्या वर्गात पहिला प्रश्न हाच येतो. माझ्या मते फी भरायची ती या प्रश्नासाठी. कॅमेऱ्याची बटणं आठवड्यात येतात.

हे पुण्या-मुंबईच्या पोरांचे नाद, हाही आक्षेप असतो. मग जेऊरचे नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकले ते? तिथल्याच अभ्यासातून 'पिस्तुल्या' ही शॉर्ट फिल्म आली आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच कॉलेजातून आलेल्या भाऊराव कऱ्हाडेंच्या 'ख्वाडा' सिनेमाला जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचाही राष्ट्रीय पुरस्कार आहे. धनगराच्या वाड्यावरचा आवाज जिथल्या तिथं धरणं म्हणजे काय, हे माझा पंखा ऐकलेल्याला तरी पटावं.

नोकरीचं म्हणाल तर सरकारी हमी नाही, हे कबूल. पण बी.कॉम. होऊन शिरवळच्या कंपन्यांत काँट्रॅक्टवर लागलेली पोरं एकदा मोजा, मग बोलू.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. काही कॉलेजांत कॅमेरा कपाटात कुलपाआड असतो आणि पोरं वहीत त्याची आकृती काढून भागांना नावं देतात. असा एक वर्ग मी डोळ्यांनी पाहिलाय. तिथं पैसे घालवण्यापेक्षा मोबाइल बरा. म्हणून प्रवेश घेण्याआधी एवढंच विचारा, वर्षात कॅमेरा आणि माइक माझ्या हातात किती तास येणार?

माइक पोरांच्या हातात येण्याची एक सोय म्हणजे कॉलेजचा रेडिओ. केंद्र सरकारनं शिक्षणसंस्थांना कम्युनिटी रेडिओ काढायची वाट २००२ सालीच मोकळी केली. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' २००५ पासून चालू आहे. म्हसवडला, सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी टोकाला, माणदेशी तरंग वाहिनी बोलते. अशा केंद्रावर निम्मे कार्यक्रम तरी तिथल्याच लोकांचे लागतात, म्हणजे पोरांना रोजचा सरावच. आपल्याकडं मात्र भोरला इतकी वर्षं शूटिंगवाले राजवाड्यात येतात आणि आपण दोरीच्या अलीकडून नुसतं बघतो.

भोर-वेल्ह्यातल्या कॉलेजचालकांना विनंती आहे. येत्या वर्षी एक खोली द्या, चार माइक घ्या, आवाजाची जाण असलेला एक मास्तर नेमा. पहिला धडा वेळवंडच्या म्हाताऱ्यांपाशी बसून गिरवा. पाणी मे महिन्यात उतरतं.