फिती कापून झाल्या असतील तर गॅमा कॅमेऱ्याचं बोलू

फुफ्फुसाचा कॅन्सर हाडात उतरतो. मणका, बरगड्या, कंबरेचं हाड, मांडीचं हाड. उतरला की स्टेज चार, आणि उपचाराची सगळी दिशाच बदलते. म्हणून तो कुठवर गेलाय हे आधी बघायचं असतं.

त्यासाठी बोन स्कॅन ही जुनी तपासणी आहे. शिरेतून टेक्नेशियमचा छोटा डोस, तीनेक तास थांबायचं, मग गॅमा कॅमेऱ्याखाली पडून राहायचं. डोक्यापासून पायापर्यंत सगळा सांगाडा एकदम दिसतो. साध्या एक्स-रेत जे यायला महिने लागतात, ते इथे बऱ्याचदा आधी कळतं.

आमच्या जिल्ह्यात हा कॅमेराच नाही. वैद्यकीय महाविद्यालयाचा बोर्ड मात्र आहे, चांगला मोठा!

पेशंट गाडी करून पुण्या-मुंबईला जातो. सोबत एक माणूस, दोघांची मजुरी बुडते. न परवडणारा गावातच पाठदुखीचं इंजेक्शन घेत बसतो. छातीतल्या डागाला टीबी समजण्यात आधीच महिने गेलेले असतात. मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाबली की माणूस कमरेखाली लुळा पडतो. वेळेत कळलं असतं तर रेडिएशनच्या एका सिटिंगनेही बऱ्याच जणांचं दुखणं हलकं होतं.

विचारलं की साहेबांचं उत्तर ठरलेलं: "ते औषध टिकत नाही हो, इथे येईपर्यंत संपतं." अर्धंच खरं. टेक्नेशियम ६ तासांत निम्मं होतं, बरोबर. पण ते मुंबईहून बाटलीत भरून आणायची गरज नसते. मॉलिब्डेनमचा जनरेटर आणतात. मॉलिब्डेनम निम्मं व्हायला ६६ तास लागतात, त्यामुळे एका जनरेटरवर साधारण आठवडा निघतो. रोज सकाळी ताजं टेक्नेशियम काढा. सायक्लोट्रॉनचं औषध लागतं ते पेट स्कॅनला, आणि ते ११० मिनिटांत निम्मं होतं.

दुसरं उत्तर: "आता पेट-सीटीचा जमाना आहे." मान्य, या कॅन्सरला पेट-सीटी सरसच. मग तो तरी आणा! जे येणार नाही त्याचं नाव सांगून जे येऊ शकतं तेही नाकारायचं, हा कुठला न्याय? गॅमा कॅमेऱ्यावर हृदय, किडनी, थायरॉईडच्याही तपासण्या होतात. तो धूळ खात पडणार नाही.

सरसकट सगळ्यांचे स्कॅन करा असं मी म्हणत नाही. संधिवात, जुनं फ्रॅक्चर यांचेही डाग उमटतात. प्रत्येक डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, खात्रीला सीटी, एमआरआय, कधी बायोप्सी लागते. म्हणूनच नुसतं मशीन नको, ते वाचणारा न्यूक्लिअर मेडिसिनचा डॉक्टरही हवा. मशीन आलं आणि पद रिकामं, हा खेळ आपण डायलिसिसपासून सोनोग्राफीपर्यंत पाहिलाय.

मागणी साधी आहे. कॅमेरा द्या, पद भरा, अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना घ्या. तोवर पेशंट आणि सोबतचा माणूस, दोघांचं भाडं सरकारने द्यावं.

पुढच्या वेळी कुणी मतं मागायला दारात आलं तर रस्ता, गटार विचाराच. सोबत हेही विचारा. पटलं तर पुढे पाठवा.