जिभेचे वळण

स्पॅनिश मनुष्य इंग्रजी बोलू लागला की 'स्कूल'चे 'एस्कूल' होते. त्याच्या भाषेत शाळा म्हणजे 'एस्क्वेला'. 'स्क', 'स्ट' यांनी आरंभ होणारा मूळचा शब्दच तीत नाही. (आपणही 'इस्टेशन' म्हणतोच, तेव्हा हसावे कोणी?) आरंभीचा 'स' सापासारखा लांबवून मग पुढील अक्षर उच्चारावे, म्हणजे तो 'ए' गळतो.

परंतु एका शब्दाला फार जपावे. 'एम्बारासादा' म्हणजे गर्भवती. तशा अवस्थेतील स्त्री डॉक्टरांना भोळेपणाने 'आय ॲम एम्बॅरस्ड' म्हणाली, तर तिला संकोच वाटतो एवढेच त्यांना कळेल. आणि गर्भास अपायकारक औषधही नकळत दिले जाईल. तिने 'प्रेग्नंट' हा शब्द आधी शिकावा. 'स्कूल' मागाहून सुधारेल.