परक्या धनाचे विश्वस्त

‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास प्रत्येक मध्यमवर्गीय कुटुंबाने गांभीर्याने घ्यावा असा आहे. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत समभागांच्या वायदा व ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक ग्राहकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. त्यानंतर सट्ट्याच्या मोहाविषयी पुष्कळ चर्चा झाली आणि ती योग्यच होती. परंतु तितकाच महत्त्वाचा एक प्रश्न त्या चर्चेत मागे पडला. सौद्यासाठी दलालाच्या स्वाधीन केलेल्या पैशाचे पुढे काय होते?

वायदेबाजारातील ‘मार्जिन’ म्हणजे मालाच्या किमतीचा हप्ता नव्हे किंवा दलालीही नव्हे. ती वचनपूर्तीची अनामत आहे. समजा, १५ लाख रुपयांच्या सौद्यासाठी ग्राहकाने २ लाख रुपये अनामत ठेवली. भाव ५ टक्क्यांनी उतरला, तर त्याच दिवशीच्या हिशेबात ७५ हजार रुपये वजा होतात. कारण तोटा २ लाखांवर नव्हे, १५ लाखांवर मोजला जातो. अनामत ही तोट्याची कमाल मर्यादाही नसते. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेत खनिज तेलाचा वायदा शून्याखाली गेला आणि मुंबईच्या एमसीएक्स बाजारातील तो सौदा प्रतिपिंप उणे २,८८४ रुपयांनी मिटवला गेला. टाळेबंदीमुळे येथील व्यवहार सायंकाळी पाच वाजताच थांबत असल्याने ग्राहकांना बाहेर पडण्यास अवधीच मिळाला नाही. १०० पिंपांच्या एका सौद्यामागे केवळ शून्याखालचाच तोटा २,८८,४०० रुपये होता.

अशा बाजारात एका ग्राहकाची तूट कोणी तरी भरून काढावीच लागते. दलालाने ती स्वतःच्या भांडवलातून भरली, तर ती त्याची जोखीम. पण दुसऱ्या ग्राहकाच्या शिल्लक पैशातून किंवा समभागांतून भरली, तर तो विश्वासघात होय. ग्राहकांचा पैसा स्वतंत्र बँक खात्यात ठेवावा, हा नियम १९९३ पासून अस्तित्वात आहे. तरीही नोव्हेंबर २०१९ मध्ये कार्वी स्टॉक ब्रोकिंगवर ‘सेबी’ला कारवाई करावी लागली. मुखत्यारपत्राच्या आधारे ग्राहकांचे समभाग हलवून, ते गहाण ठेवून कर्जे उचलल्याचे ‘सेबी’च्या आदेशात नमूद झाले. ज्यांनी कधी सट्टा केला नव्हता, केवळ समभाग जपून ठेवले होते, असे खातेदारही त्यात भरडले गेले. सावधपणे वागणाऱ्याच्या ठेवीवर धाडसी व्यवहार उभे राहावेत, यासारखा अन्याय नाही.

त्यानंतर व्यवस्था बदलली. सप्टेंबर २०२० पासून तारण म्हणून द्यावयाचे समभाग ग्राहकाच्याच खात्यात राहून त्यांवर गहाणाची नोंद होऊ लागली. दिवसभरातील सर्वोच्च जोखमीएवढी अनामत आधीच घेण्याचा नियम डिसेंबर २०२० पासून टप्प्याटप्प्याने येऊन सप्टेंबर २०२१ मध्ये पूर्णपणे लागू झाला. २०२३ पासून ग्राहकांचा पैसा दिवसाअखेर समाशोधन महामंडळाकडे सोपविण्याचे बंधन आले. या नियमांमुळे उलाढाल आटते आणि प्रामाणिक लहान दलालांवरही खर्चाचा भार पडतो, अशी तक्रार होत आली. भार पडतो हे खरे. पण परक्याच्या ठेवीवर फुगलेली उलाढाल आटली, तर त्यात राष्ट्राचे काही बिघडत नाही.

तथापि, नियमांचे कुंपण ग्राहकाने स्वतःच ओलांडले, तर त्याचे रक्षण कोण करणार? अनामतीत सवलत देणारा दलाल अनेकांना हितचिंतक वाटतो. प्रत्यक्षात ती सवलत म्हणजे ऐपतीबाहेरच्या जोखमीचे निमंत्रण असते. निश्चित परताव्याच्या आश्वासनावर दलालाकडे पैसे ठेवणे, परिचिताला पासवर्ड व ओटीपी देऊन टाकणे, बाजाराबाहेर ‘डब्बा’ सौदे करणे, हे सारे याच वाटेवरचे थांबे आहेत. दलाल बुडाल्यास बाजाराचा गुंतवणूकदार संरक्षण निधी असतो. परंतु निश्चित परताव्याच्या खाजगी करारांना किंवा सौद्यातील तोट्याला त्याचे छत्र मिळत नाही.

म्हणून प्रत्येक घरात किमान शिस्त हवी. डिपॉझिटरीकडून येणारे विवरणपत्र दलालाच्या हिशेबाशी ताडून पाहावे, शिल्लक रक्कम ठरल्या मुदतीत बँक खात्यात परत येते की नाही हे तपासावे आणि विसंगती दिसताच लेखी तक्रार करावी. कुटुंबाची शिदोरी, मुलांचे शिक्षण आणि निवृत्तीची पुंजी ही अनामत म्हणून लावण्याची वस्तू नव्हे. दलाल हा ग्राहकाच्या धनाचा विश्वस्त आहे, मालक नव्हे. कायद्याने त्याला ही जाणीव करून दिली आहेच. पण ती जागती ठेवायची, तर हिशेब मागणारा ग्राहकही जागा असला पाहिजे.