वर्गात पेंगणारं मूल आळशी नसतं



आज आधी माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सहावीचा वर्ग होता. सकाळचं सत्र, सातची घंटा. एक मुलगा दुसऱ्या तासाला हमखास पेंगायचा. मी त्याला उभं केलं, तोंड धुऊन यायला लावलं आणि एकदा तर सगळ्यांसमोर 'कुंभकर्ण' म्हटलं. वर्ग हसला. मला वाटलं, लाजेनं तरी सुधारेल.

पालकसभेला त्याची आई आली. म्हणाली, "बाई, एका खोलीचं घर आमचं. ह्याचे बाबा कामावरून अकराला येतात. जेवण, टीव्ही, भांडी होईस्तोवर साडेअकरा. दिवा घालवला की हा झोपतो. आणि साडेपाचला मी उठवतेच, पाणी तेव्हाच येतं ना."

मी मनात हिशोब केला. सहा तास. त्या वयाला किमान नऊ तास हवेत. रोजचे तीन तास कमी, म्हणजे शाळेच्या सहा दिवसांत अठरा तास. आठवड्याला दोन पूर्ण रात्रींची झोप त्या पोराला मिळतच नव्हती. मी ज्याला आळस म्हणत होते, तो उपास होता.

किती झोप हवी?

अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या तज्ज्ञांच्या संस्थेने 2016 मध्ये वयानुसार झोपेचे तास सांगितले. 3 ते 5 वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसह 10 ते 13 तास, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास आणि 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास. मोठ्यांनाही सात तास तरी हवेतच.

हे तास वाया जात नाहीत. वाढीचं संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवतं. दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेतच पक्कं करतो. म्हणून रात्री बारापर्यंत पाठांतर करून घेणं म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणं. झोप अपुरी झाली की लक्ष लागत नाही, चिडचिड वाढते. लहान मुलं तर कित्येकदा मंदावण्याऐवजी जास्तच दंगा करतात आणि आपण त्यांना 'खोडकर' म्हणून मोकळे होतो. मोठ्यांमध्ये वर्षानुवर्षांच्या अपुऱ्या झोपेचा संबंध रक्तदाब, मधुमेह आणि वाढत्या वजनाशी आढळला आहे.

नऊ वाजताची शाळा: अर्धंच काम

फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या राज्य शासनाने पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला. दोन सत्रांच्या शाळा, बसच्या फेऱ्या, पालकांच्या नोकरीच्या वेळा, या अडचणी खऱ्या आहेत. तरीही निर्णयामागचा विचार मला पटतो.

पण तो दोन ठिकाणी अपुरा पडतो. एक म्हणजे पाचवीपासून पुढची मुलं सुटली. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, त्यामुळे या मुलांना रात्री झोप उशिरा येते. त्यांची सकाळ मात्र सातच्या घंटेला बांधलेली! अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्येच मोठ्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी सुरू करू नये, असं सुचवलं होतं.

दुसरं अधिक महत्त्वाचं. "आता शाळा नऊला आहे" म्हणून घरातला टीव्ही तासभर जास्त चालला, तर मिळालेला तास तिथेच संपला. शाळेची वेळ शासन ठरवेल, पण निजायची वेळ घरातली मोठी माणसंच ठरवतात. मूल आपल्या घरासारखं झोपतं.

आपण शिक्षकही धुतल्या तांदळासारखे नाही हं! रात्री साडेनऊला गटावर 'उद्या चार्टपेपर आणा' असा निरोप कोण टाकतं? फळ्यावर लवकर निजण्याचा सुविचारही आपणच लिहितो.

घरी काय करता येईल?

1. उठण्याची वेळ पक्की करा आणि तिथून नऊ तास मागे मोजा. सहाला उठायचं तर नऊला अंथरुणात. रविवारीही तासाभरापेक्षा जास्त फरक नको.
2. झोपण्याआधी तासभर मोबाइल बंद. पडद्याच्या उजेडाने झोपेचं संप्रेरक उशिरा स्रवतं. फोन दुसऱ्या खोलीत किंवा ओट्यावर चार्जिंगला लावा. आपलासुद्धा!
3. दुपारनंतर मुलांना चहा, कॉफी, कोला नको. यांतल्या कॅफिनपैकी निम्मं शरीरातून जायला सुमारे पाच तास लागतात.
4. सकाळचं ऊन आणि संध्याकाळचा खेळ चुकवू नका. दमलेलं शरीर लवकर झोपतं.
5. घर एका खोलीचं असेल तर मुलाचं अंथरूण टीव्हीकडे पाठ होईल असं घाला. मोठा दिवा घालवून छोटा लावा, आवाज कमी ठेवा. एवढ्यानेही फरक पडतो.
6. मूल रोज मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आणि शाळेत?

संध्याकाळी सातनंतर अभ्यासाचा निरोप नको. पेंगणाऱ्या मुलाला रागावण्याआधी जवळ बोलावून हळूच विचारा, "रात्री कधी झोपलास रे?" उत्तर ऐकून बऱ्याचदा आपला राग तिथेच विरतो.

त्या मुलाचं पुढे काय झालं? त्याच्या आईने घरी बोलून टीव्ही साडेनऊला बंद केला. बाबा छोट्या दिव्यात जेवू लागले. पाणी भरायची पाळी त्यांनी स्वतःकडे घेतली आणि पोरगा सहापर्यंत झोपू लागला. त्याचे गुण काही एकदम वाढले नाहीत. पण दुसऱ्या तासाला तो जागा असायचा, प्रश्न विचारायचा. कुंभकर्ण म्हटल्याबद्दल मी वर्गासमोरच त्याची माफी मागितली. चिडवलं वर्गासमोर होतं ना!

तेव्हा आज रात्री एवढंच करा. आपलं मूल किती वाजता झोपलं आणि सकाळी किती वाजता उठलं, ते कॅलेंडरवर लिहा. आठवडाभर लिहा. बेरीज केल्यावर कुणाला रागवायचं, ते आपलं आपल्यालाच कळेल.