न सांगता गेला तरी

तुळजापुरात आश्विनातले पंधरा-वीस दिवस म्हणजे वर्षाची कमाई. घटस्थापनेला सुरू झालेली गर्दी कोजागरी पार पडेपर्यंत हटत नाही. पौर्णिमेच्या आधी तर सोलापूरकडून आणि कर्नाटकातून पायी येणाऱ्यांनी रस्ते फुलून जातात. लॉज, खानावळी, प्रसादाची आणि हळदीकुंकवाची दुकानं, चहाच्या टपऱ्या, जिथं बघावं तिथं माणूस कमी पडतो. आणि नेमका याच दिवसांत एखादा पोऱ्या सकाळी कामावर येत नाही. फोन बंद. दुपारी कळतं, चार दुकानं पलीकडं उभा आहे, तिथं रोजाला शंभर रुपये जास्त मिळतात.

माझ्या ओळखीच्या एका लॉजमालकांवर ही वेळ आली. पोरगा पंचमीला गेला तो कोजागरी उलटल्यावर हिशेब मागायला दारात उभा. मालक भडकले. "ऐन नवरात्रात तोंडघशी पाडलंस आणि वर पगार मागतोस? ज्याच्याकडं गेलास त्याच्याकडं माग." नंतर मला विचारलं, बरोबर बोललो का नाही? मी म्हणालो, राग बरोबर आहे, हिशेब चुकला.

त्या पोरानं रात्री दोन वाजता आलेल्या बिऱ्हाडाला खोली उघडून दिली, पहाटे बंबाखाली जाळ घातला, चादरी बदलल्या. त्या खोल्यांचं भाडं यात्रेकरूंनी दिलं आणि ते गल्ल्यात जमाही झालं. पंचमीपासून पुढं तो आला नाही, तर पुढचे पैसे देऊ नका. मागचे पैसे त्याचे होऊन गेले आहेत, तुम्ही फक्त ते सांभाळताय.

कायदाही साधारण हेच म्हणतो. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात मालकानं काढून टाकलेल्या कामगाराचा पगार दोन दिवसांत चुकता करा, असं होतं. आपण होऊन सोडणाऱ्याचं नाव त्या कलमात नव्हतं. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिनं राजीनामा देणाऱ्यालाही त्याच ओळीत बसवलं. आता मालक म्हणणार, राजीनामा कुठं दिला, तो तर पळाला. बरं, दोन दिवसांच्या मुदतीवर हवा तर वाद घाला. पण पगारातून काय कापता येतं याची यादीच कायद्यात दिलेली आहे: गैरहजेरीचे दिवस, दिलेली उचल, कामगाराच्या हयगयीनं झालेलं नुकसान आणि अशाच काही बाबी, तेही सगळं मिळून निम्म्या पगाराच्या आत. हंगामात दगा दिला, असं कलम त्यात नाही. त्यातल्या त्यात जवळचं एक आहे. दहा किंवा अधिक कामगार संगनमतानं, सूचना न देता आणि सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिले आणि सूचना देण्याची अट नोकरीच्या करारात असली, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. एकट्यादुकट्या पोऱ्याला ते लावता येत नाही. आणि करार तरी कुठला? आपल्याकडं नोकरीचा करार म्हणजे "उद्यापासून ये".

मालकांनी मला वही दाखवली. पोराच्या नावाखाली पाचशे, दोनशे, "गावाकडं जाताना हजार". तारखा काही ठिकाणी, सही कुठंच नाही. नव्या संहितेप्रमाणं तक्रार झाली, तर पैसे दिले हे मालकानं सिद्ध करायचं. अशा वहीवर काय सिद्ध करणार?

मला मात्र कायद्यापेक्षा दुसरीच गोष्ट खटकते. ही पोरं सांगून का जात नाहीत? कारण सांगून जाणाऱ्याचे हाल त्यांनी पाहिलेले असतात. ज्यानं सरळ सांगितलं, की शेठ, पुढच्या महिन्यात सोडतोय, त्याचा पगार त्याच दिवसापासून अडकतो. दुसरा माणूस मिळू दे, सण होऊ दे, मग बघू. बऱ्याच ठिकाणी दहा-पंधरा दिवसांचा पगार कायम मागं ठेवायची रीत आहे, माणूस बांधून राहावा म्हणून. खासगी शाळा-दवाखान्यांत तर मूळ प्रमाणपत्रंच कपाटात ठेवून घेतात. मग शहाणा माणूस काय करतो? पगार हातात पडला, की दुसऱ्या दिवशी नाहीसा होतो. पगार अडवून आपण नोटीस द्यायला शिकवत नाही, न देता जायला शिकवतो.

सालगड्याचा हिशेब याहून गुंतागुंतीचा. साल पाडव्याला ठरतं ते पुढच्या पाडव्यापर्यंत. पैसा वर्षाचा ठरतो, काम मात्र सगळ्या महिन्यांत सारखं नसतं. उचल घेऊन मृगाआधीच साल मोडलं, तर मालक बुडाला. खरिपाची रास आणि रब्बीची पेरणी उरकून गेला, तर जास्तीचं काम मालकाच्या पदरात पडलं. बारा महिन्यांनी भागून हे सुटत नाही. पूर्वी गावातली चार माणसं पारावर बसून ते सोडवत. त्यांचा कल बहुधा जमीनवाल्याकडंच असे, हेही सांगायला हवं.

आणि ऊसतोडीत सगळंच उलटं. कळंब, वाशी, भूम, परंड्यातून टोळ्या कारखान्यांवर जातात, त्या उचल घेऊनच. तिथं पैसे मालकाकडं अडकलेले नसतात, माणूस मुकादमाकडं अडकलेला असतो. दोन मुकादमांची उचल घेऊन तिसऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसणारेही आहेत, नाही असं नाही. असा बुडालेला मुकादम कर्जात जातो. पण मग वसुलीसाठी माणसंच डांबून ठेवायची? इंग्रजांनी १८५९ मध्ये एक कायदा केला होता. आगाऊ पैसे घेऊन काम सोडणाऱ्या कारागीर-मजुराला त्याखाली तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी होई. १९२५ मध्ये त्यांनीच तो रद्द केला. १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारीही मोडीत निघाली. घेतलेली उचल हे देणं आहे, ते रीतसर वसूल करा. तिच्यापोटी माणूस ताब्यात घेता येत नाही.

उलट बाजूनं विचार केला, की मालकांची ही नोटिशीची निष्ठा मला थोडी गमतीची वाटते. "उद्यापासून येऊ नको" हे वाक्य कोणत्या नोटिशीत बसतं? ढोकीचा तेरणा कारखाना बंद पडला, तेव्हा कामगार कुठंही पळाले नव्हते. तरी त्यांची देणी थकलीच. तिथं कुणी म्हणालं नाही, की कारखाना न सांगता गेला.

एक खानावळवाले दर आठवड्याला बाजारच्या दिवशी हिशेब चुकता करतात. उचल वहीत लिहिली, की पोराची सही किंवा अंगठा तिथंच घेतात. त्यांच्याकडची पोरं सोडून जात नाहीत, असं नाही. जातात, नवरात्रातही जातात. फक्त चार दिवस आधी सांगतात, आणि सांगताना "शंभर रुपये वाढवा, मग राहतो" असंही म्हणतात. त्याचाच त्यांना जास्त राग येतो.